'संशोधनाने सिद्ध' सलाईन: नेमकं कुठलं संशोधन?

मैत्रिणीचं लग्न दीड महिन्यावर आलंय. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात पाठवली: व्हिटॅमिन ड्रिप, पाऊण तासात थकवा गायब, चेहऱ्यावर ग्लो, आणि खाली बारीक अक्षरात 'संशोधनाने सिद्ध'. "तू पीएचडी करतेयस ना, मग वाचून सांग." वाचलं.

या ड्रिपांचं मूळ म्हणजे 'मायर्स कॉकटेल'. बाल्टिमोरचे डॉक्टर जॉन मायर्स मॅग्नेशियम, कॅल्शियम, ब आणि क जीवनसत्त्वं थेट शिरेतून देत. ते गेल्यावर अ‍ॅलन गॅबी या डॉक्टरांनी तीच पद्धत पुढे चालवली आणि २००२ मध्ये त्यावर लेख लिहिला. लेख वाचनीय आहे, पण त्यात मुख्यतः स्वतःच्या पेशंटचे अनुभव आहेत. तुलनेला दुसरा गट नाही.

तुलना झाली ती २००९ मध्ये. फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखण्याचा जुनाट आजार) असलेले ३४ जण, आठवड्याला एक ड्रिप, आठ आठवडे. काहींना कॉकटेल, बाकीच्यांना नुसतं रिंगर लॅक्टेट. निकाल? दोन्ही गटांना बरं वाटलं! आणि दोघांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. आता ३४ माणसांवरून 'उपयोग शून्य' असंही म्हणता येत नाही, ती प्राथमिक चाचणीच होती. पण याला 'सिद्ध' म्हणणं म्हणजे कमाल आहे. शिवाय हे आजारी लोक होते. धडधाकट नवरीच्या ग्लोबद्दल त्यात अवाक्षर नाही.

मला तरी हा निकाल ओळखीचा वाटला. गावाकडे अशक्तपणा आला की "एक सलाईन लावा डॉक्टर" म्हणतात आणि बाटली संपेपर्यंत माणूस हसायला लागतो. तीच बाटली आता पिवळी करून, मंद संगीत लावून विकतात, एवढंच.

निरुपद्रवी आहे म्हणावं, तर तसंही नाही. जास्तीचं क जीवनसत्त्व बहुतेकांच्या लघवीतून निघून जातं, पण जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर मोठ्या डोसने लाल पेशी फुटू शकतात. शिरेतून औषध देताना ऐनवेळी रिअ‍ॅक्शन येऊ शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो.

आणि लक्ष कोण ठेवतं? इथे खरी गंमत आहे. महाराष्ट्राचा नर्सिंग होम नोंदणी कायदा १९४९ चा, आजारी माणसाला ठेवून घेणाऱ्या ठिकाणांसाठी. तासाभरात घरी जाणारं, आजारी नसलेलं गिऱ्हाईक त्यात नीट बसत नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा एका डॉक्टरच्या दवाखान्यालाही लागू होतो, पण तो महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही. जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींवरचा कायदा १९५४ चा. त्याच्या यादीत गोरेपणा घालायचा मसुदा २०२० मध्ये आला होता. अमेरिकेतही फार उजेड नाही, पण २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने टेक्सासच्या एका ड्रिप कंपनीवर कॅन्सर-मधुमेह बरे करण्याच्या दाव्यांवरून कारवाई केली. म्हणजे दावा पकडता येतो, पकडायचं ठरवलं तर.

मैत्रिणीला मी तीन प्रश्न दिले: बाटलीत काय काय, किती? सुई लावताना डॉक्टर हजर असतात का? रिअ‍ॅक्शन आली तर अ‍ॅड्रेनालिन आणि ऑक्सिजन जागेवर आहे का? तिने फोन केला. पलीकडून उत्तर आलं, पाच सेशनचं पॅकेज घेतलं तर सूट आहे.