एका बागाइतदाराची फिर्याद

उंबरगावजवळच्या देहरी गावचे भास्कर सावे यांनी 29 जुलै 2006 रोजी राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे अध्यक्ष डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांस एक अनावृत पत्र लिहिले. सावे त्या वेळी 84 वर्षांचे होते. शेतीविषयक म्हणून हे पत्र बहुधा बाजूस ठेवले जाते. वकिली पेशातल्या माणसास मात्र ते एखाद्या कसलेल्या फिर्यादीसारखे वाचावेसे वाटते.

आरोप रोखठोक आहे. जमिनीची दुर्दशा व शेतकऱ्याचे कर्जबाजारीपण यांस इतर कोणाहूनही अधिक आपणच जबाबदार आहात, असे सावे हरितक्रांतीच्या जनकास तोंडावर सांगतात. येथेच फिर्याद मला थोडी लंगडी वाटते. धोरणे एकटा मनुष्य ठरवीत नाही. आणि 1965-66 च्या अवर्षणात परदेशी गव्हाच्या जहाजांची वाट पाहणाऱ्या देशाच्या अगतिकतेस पत्रात पुरता न्याय मिळालेला नाही.

पुरावा मात्र भक्कम आहे. सावे आरंभी रासायनिक खते वापरीत. इतकेच नव्हे, तर ती विकण्याचे कामही त्यांनी केले होते. उत्पन्नाबरोबर खर्चही चढत जातो हे ध्यानी आल्यावर ते फिरले. प्रतिपक्षातून आलेल्या अशा साक्षीदाराचे मोल कोर्टात वेगळेच असते. त्यांची 14 एकरांची ‘कल्पवृक्ष’ वाडी मुख्यतः चिकू व नारळ यांची; गोमंतकातले कुळागर ज्यांनी पाहिले आहे त्यांना तिथली झाडांची दाटी परकी वाटणार नाही. पाणी बुंध्याशी न घालता ओळींमधल्या चरांत सोडायचे, पालापाचोळा उचलायचा नाही, वाढलेल्या बागेत नांगर घालायचा नाही. ऋषिपंचमीस बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य मानणाऱ्या आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना यात फारसे नवल वाटू नये! भातातही त्यांनी ‘नवाबी कोलम’ हे देशी वाण राखले. जपानचे मासानोबू फुकुओका ही वाडी पाहून गेले, त्याचा गौरवाने उल्लेख होतो. मला अधिक महत्त्वाची वाटते ती शनिवारची दुपार. त्या वेळी कोणीही यावे, माती हातात घ्यावी, शंका विचाराव्यात, अशी मुभा सावे देत. एकेकाळच्या या शिक्षकाने आपला पुरावा उलटतपासणीस खुला ठेवला होता. 2015 मध्ये ते निवर्तले.

आम्हां सुरतकरांस खरा बोचतो तो उसाचा परिच्छेद. रासायनिक पद्धतीच्या एक एकर उसास लागणाऱ्या पाण्यात ज्वारी, बाजरी वा मका 25 एकर निघेल, असा सावे यांचा हिशेब आहे. आकड्याविषयी वाद घालता येईल. महाराष्ट्रातील धरणांचे व उसाचे त्यांनी दिलेले उदाहरण वाचताना आपण मान डोलावतो. पण काकरापार-उकाईचे कालवे आणि बारडोलीचा साखर कारखाना आपल्या अंगणातच आहेत. मंदिराच्या सभागृहात प्रस्तुत लेखकाने हे पत्र मोठ्याने वाचले, तेव्हा नेमके या परिच्छेदाशी दोघे-तिघे ‘पुढे चला’ म्हणाले. बाहेर प्रसादाचा शिरा निवत होता.