'सापडत नाही' : एक रसग्रहण

समीक्षा करायला साहित्यिक असावं लागत नाही, हे आम्ही रविवारच्या पुरवण्या वाचून ओळखून आहोत. तरीही बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढलेल्या बी. कॉम. माणसानं लेखणी उचलायची म्हणजे धाडसच. पण कलाकृतीच तशी भेटली. अख्खी कलाकृती एका ओळीची आहे : 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर : नो मॉड्यूल नेम्ड पिलो.'

त्याचं असं झालं. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार. म्हणजे खजिना नाही, पण दाराशी सगळे येतात असा मनुष्य. पावत्यांचे दोनशे फोटो लहान करायचे होते. अकरावीतली कन्या म्हणाली, "बाबा, पायथॉनमध्ये पाच ओळींचं काम आहे."

पायथॉन ही संगणकाची भाषा. गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनी ती १९९१ साली लोकांपुढे ठेवली आणि तिचं नाव ठेवलं ते अजगरावरून नव्हे, तर बीबीसीवरच्या 'मॉन्टी पायथॉन' या विनोदी कार्यक्रमावरून! मला एकदम आपलेपणा वाटला. फोटोंसाठी 'पिलो' नावाची लायब्ररी लागते. 'पिप इन्स्टॉल पिलो' असा हुकूम सोडला, 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' असं उत्तर आलं. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "उशी आली ना? मग निजा आता." पण कसला निजतोय! 'इम्पोर्ट पिलो' असं लिहिलं मात्र, वरील कलाकृती अवतरली.

आधी गुण सांगतो. अल्पाक्षरत्व वाखाणण्याजोगं. पूर्वी नुसतंच 'इम्पोर्ट एरर' म्हणत. 'मॉड्यूल नॉट फाउंड' हे नेमकं शीर्षक ३.६ आवृत्तीत, २०१६ साली आलं. या ओळीच्या वर 'ट्रेसबॅक' नावाची प्रस्तावना असते. तिचा घाट रहस्यकथेचा, खुनी शेवटच्या ओळीत! म्हणून शेवटचं पान आधी वाचावं. एरवी हे पाप, इथे पुण्य.

आता दोष. ही ओळ खोटं बोलत नाही. पण पुरतं बोलत नाही. पिलो घरात आलेली असते, फक्त तिला हाक 'पीआयएल' अशी मारायची असते. त्या नावाच्या जुन्या लायब्ररीचं काम थंडावलं, तेव्हा तिच्यातून ही नवी निघाली. पण आधीचे प्रोग्राम अडू नयेत म्हणून आतलं नाव जुनंच ठेवलं. सासरी नाव बदललं तरी माहेरी हाक पहिल्याच नावानं, तसं. ही रीत पुष्कळांकडे आहे. 'सायकिट-लर्न'ला घरात 'एसकेलर्न' म्हणतात, 'ब्यूटिफुल सूप'ला 'बीएसफोर'. पाहुण्याला हे कोण सांगणार?

नाव सुधारलं. तरी तीच ओळ, फक्त नाव नवं! कन्या म्हणाली, "बाबा, तुमच्या मशीनवर पायथॉन दोन आहेत. पिपनं एकात टाकलंय, तुम्ही दुसऱ्याला विचारताय." हे मला चटकन कळलं. कोअर बँकिंगच्या आधी पैसे दादर शाखेत भरून ठाणे शाखेत शिल्लक विचारणारे थोडे नव्हते! उपाय सोपा : 'पायथॉन डॅश एम पिप इन्स्टॉल पिलो'. ज्या पायथॉननं काम करायचं, त्याच्याच हातून सामान आणवायचं. कोणता पायथॉन चालू आहे ते 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' छापलं की कळतं.

एवढ्यानं भागलं नाही, कारण मी माझ्या फायलीचंच नाव कौतुकानं 'पीआयएल' ठेवलं होतं. पायथॉन आधी शेजारच्या फायली धुंडाळतो, त्यामुळे माझा प्रोग्राम स्वतःच्याच दाराची कडी वाजवत बसला. अशा गफलतीत मात्र २०२४ च्या ३.१३ आवृत्तीपासून पायथॉन पुष्कळदा कंसात सुचवतो की, या फायलीचं नाव बदलून पाहा. माझ्या मते या साहित्यातली सर्वांत थोर जागा म्हणजे हा कंस.

का, ते सांगतो. बँकेत लागून मला थोडेच दिवस झाले होते. एक आजी आल्या. पासबुक घरी राहिलेलं. त्यांनी नाव सांगितलं, मी पडद्यावर पाहिलं आणि म्हणालो, "या नावाचं खातं नाही." खरंच नव्हतं. त्या "बरं" म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. आठ दिवसांनी जावयाला घेऊन आल्या. खातं माहेरच्या नावावर होतं. मधले आठ दिवस औषधं उधारीवर आणली, हे जावयानं सांगितलं. आजी काहीच बोलल्या नाहीत.

माझं वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. 'नो मॉड्यूल नेम्ड'चंच ते शुद्ध मराठी. तेव्हा या कलाकृतीवर टीका करण्याचा अधिकार मला कितपत, हा प्रश्नच आहे. तिच्या लेखकांनी निदान कंस तरी जोडला.

असो. दोनशे फोटो लहान झाले. हल्ली काउंटरवर नाव सापडलं नाही, की मी विचारतो, "माहेरच्या नावानं बघू का?" परवा एका पुरुष खातेदारालाही विचारून बसलो. गृहस्थ रागावले. पण खातं सापडलं; आडनावात एक काना कमी होता.