तुलना करताय? आधी 'हँगर १८' ऐका

सिनॉप्सिसमध्ये 'तुलनात्मक अभ्यास' लिहिणं सोपं असतं. काय स्थिर धरून तुलना करायची, हे मात्र मला मेगाडेथने शिकवलं.

बोईसरहून लोकलने जाताना मित्रांशी वाद घालायचो: मार्टी फ्रिडमन श्रेष्ठ, डेव्ह मस्टेन नुसता वेगवान. पुरावा काय, तर फ्रिडमनचा 'टॉर्नेडो ऑफ सोल्स' आणि मस्टेनचे जुने अल्बम. म्हणजे तारापूर एमआयडीसीच्या नाल्याचं पाणी उन्हाळ्यात आणि पालघरच्या विहिरीचं पावसाळ्यात घेऊन प्रदूषण ठरवण्यासारखं!

'रस्ट इन पीस'मधलं (१९९०) 'हँगर १८' घ्या. उत्तरार्धात दोघं आलटून पालटून सोलो वाजवतात. गाणं तेच, ड्रमरही तोच, निक मेन्झा. फ्रिडमन अनपेक्षित सुरावरून तार ओढत नेमका कॉर्डच्या सुरावर उतरतो. आपल्याला मींड आठवते. मस्टेन मुळात रिफवाला. त्याचा सोलोही रिफसारखा तुटक, धक्के देणारा. एक वाक्य पूर्ण करतो, दुसरा मध्येच तोडतो. गाण्यातला ताण या दोघांमुळेच टिकतो. मग 'श्रेष्ठ कोण' हा प्रश्नच चुकीचा होता.

मर्यादाही नोंदवा: शेवटाकडे गाण्याचा वेग वाढतो, त्यामुळे एकाच सोलोवरून निष्कर्ष नको.

आता तुम्ही करून बघा. नावं न बघता ऐका, कोण वाजवतंय ते लिहा, मग तपासा. मी पहिल्या खेपेला तीनदा चुकलो. वेगवान सोलो दिसला की मस्टेन, असं डोक्यात आधीच ठरलेलं होतं. तुमच्या डेटाबद्दल काय काय आधीच ठरलंय?