गुन्ह्यांची मोजदाद आणि मोजणाराची दृष्टि

आंकड्यांचा ग्रंथ हा टीकेचा विषय नव्हे असा समज साहित्यिकांत रूढ आहे. परंतु ज्या ग्रंथाच्या आधारें वर्तमानपत्रें दरसाल लाखों वाचकांचें मत बनवितात, त्याचें परीक्षण करावयाचें तरी कोणीं? ‘क्राइम इन इंडिया’ हा तसा ग्रंथ होय. 1953 सालापासूनच्या गुन्ह्यांची वर्षवार नोंद या मालेंत आहे, आणि 1986 सालीं स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग ती चालवीत आला आहे. एवढ्या मोठ्या देशांतील हजारों ठाण्यांची दप्तरें एका सांच्यांत बसविणें हें सोपें काम नव्हे, आणि त्याचें श्रेय प्रथमच देऊन टाकलेलें बरें.

या ग्रंथाचा दुसरा गुण प्रामाणिकपणा. गुन्ह्यांची नोंद वाढणें आणि गुन्हे वाढणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें त्याचे कर्तेच बजावून सांगतात. दुर्दैव असें कीं प्रस्तावना कोणी वाचीत नाहीं. बेरीज सर्वजण वाचतात. 2019 सालीं देशांत 51,56,172 दखलपात्र गुन्हे नोंदले गेले. 2020 सालीं 66,01,285. शेंकडा 28 वाढ! ज्या वर्षीं टाळेबंदीमुळें सारा देश महिनोन्महिने घरांत बसून होता, ज्या वर्षीं चोऱ्या, घरफोड्या व दरोडे कमी झाले, त्याच वर्षीं ही वाढ. उलगडा बराचसा असा, कीं सरकारी अधिकाऱ्याचा हुकूम मोडल्याचे गुन्हे आदल्या वर्षीं 29,469 होते, ते 6,12,179 झाले. म्हणजे मनाईच्या वेळीं घराबाहेर पडलेला इसम आणि रात्रीं वाट अडविणारा दरोडेखोर हे एकाच बेरजेंत येऊन बसले. शिवाय एका फिर्यादींत अनेक गुन्हे असल्यास त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच मोजावयाचा, असाहि एक नियम आहे. नियमाला माझी हरकत नाहीं. मोजणीला कांहींतरी नियम लागतोच.

माझी हरकत निराळी आहे, आणि ती सांगतांना मला स्वतःविषयीं थोडें लिहिणें भाग आहे. कांहीं वर्षांपूर्वीं जठारपेठेंतील आमच्या घरांतून वडिलांचें घड्याळ व कांहीं तांब्याचीं भांडीं चोरीस गेलीं. ठाण्यावर ‘चोरी’ असें न लिहितां ‘गहाळ’ असें लिहून घेण्यांत आलें, आणि मीहि कटकट नको म्हणून खालीं सही केली. त्या वर्षाच्या राष्ट्रीय आंकड्यांत ती चोरी झालेलीच नाहीं. पण याहून लाजेची गोष्ट पुढें आहे. जमलेल्या शेजाऱ्यांनीं पहिला प्रश्न केला तो, “पारध्यायचे पाल कुठी पडले हो, सर?” असा, आणि पंचवीस वर्षें इंग्रजी वाङ्मयांतील मानवतावाद शिकविणाऱ्या मला तो प्रश्न मुळींच वावगा वाटला नाहीं. पालांवरच्या दोघांस दोन दिवस ठाण्यांत बसवून ठेवलें होतें, हें मला मागाहून दूधवाल्याकडून कळलें. घड्याळ मिळालें नाहीं. त्या दोन दिवसांची नोंदहि कोणत्या दप्तरांत असेल असें मला वाटत नाहीं.

हा प्रश्न आमच्या तोंडीं आला कोठून? 1882 सालीं वऱ्हाडांतील पोलिस अधिकारी मेजर गंथॉर्प यानें मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्यप्रांत यांतील ‘गुन्हेगार जमातीं’वर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. निरीक्षण बारीक, भाषा स्वच्छ. परंतु त्यांतील प्रकरणें गुन्ह्यांचीं नव्हेत, जमातींचीं आहेत. चोरी हें कृत्य न राहतां कुळाचें लक्षण बनतें. 1871 च्या कायद्यानें हाच विचार सरकारी करून ठेवला होता. तो कायदा 1952 सालीं देशांतून उठला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण 1959 सालीं मुंबई राज्यांत सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि जुन्या संशयाला नवें नांव मिळालें. 2024 च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयास तुरुंगांतील जातिभेदावर निकाल देतांना, विमुक्तांस मनमानी अटक होऊं नये अशी पोलिसांस ताकीद द्यावी लागली.

इतकें असून विमुक्त जमातींसाठीं ‘क्राइम इन इंडिया’मध्यें स्वतंत्र रकाना नाहीं. एके काळीं ज्यांचीं नांवें जन्मावरून टिपलीं जात, त्यांच्यापैकीं किती जण निव्वळ संशयावरून उचलले गेले व किती निर्दोष सुटले, हें आज त्याच दप्तराला सांगतां येत नाहीं.

ही उणीव मराठींत एका आत्मकथनानें भरून काढली आहे. लक्ष्मण गायकवाड यांचें ‘उचल्या’ 1987 सालीं प्रसिद्ध झालें व पुढील वर्षीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. त्याची थोरवी मला यांत वाटते कीं लेखक चोरी नाकारीत नाहीं. मुलांना खिसे कापण्याचें शिक्षण कसें दिलें जातें, हें तो आडपडदा न ठेवतां सांगतो. पण त्याबरोबरच पोलिसांची धाड, मार, आणि जातीचें नांव ऐकतांच मिटणारीं रोजगाराचीं दारें हींहि दाखवितो. गंथॉर्पनें जें बाहेरून पाहिलें तेंच येथें घरांतून दिसतें, आणि कारण व कार्य यांची अदलाबदल झालेली ध्यानांत येते. गुन्हेशास्त्राच्या विद्यार्थ्यांस हें पुस्तक कोष्टकांच्या आधीं वाचावयास द्यावें.

पोलिसांविषयींच्या संशोधनासाठीं 1970 सालीं केंद्र सरकारनें स्वतंत्र विभाग स्थापन केला. अशा संशोधकांनीं अमरावती जिल्ह्यांत नांदगांव खंडेश्वर तालुक्यांतील मंगरूळ चव्हाळा येथें एकदां यावें. तेथें मतीन भोसले यांनीं फांसेपारध्यांच्या मुलांसाठीं 2012 सालीं शाळा काढली. तिचें नांवच ‘प्रश्नचिन्ह’. गुन्हेप्रतिबंध म्हणून जें कांहीं असेल तें मला येथें दिसतें. 2019 सालीं समृद्धि महामार्गाच्या कामांत तिचा कांहीं भाग पाडण्यांत आला. या शाळेंत शिकलेलीं मुलें पुढें कोठें गेलीं, कोणती नोकरी त्यांस मिळाली, आणि त्यांपैकीं कितीजणांच्या दारीं शिकल्यावरहि चौकशीसाठीं शिपाई आला, एवढी तीनच कोष्टकें दहा वर्षें कोणी भरील, तर पुढल्या खंडाचें परीक्षण मी अधिक आनंदानें लिहीन.