उचल, कोयता आणि दुःस्वप्नराज्य

दसरा उलटला की भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा कित्येक वस्त्यांवर म्हातारी माणसे तेवढी उरलेली असतील. डिस्टोपियन साहित्य, म्हणजे भविष्यातील दुःस्वप्नराज्याचे चित्रण, हा विषय धाराशिवात बसून कशाला अभ्यासता, असे मला विचारले जाते. माझे उत्तर या टोळ्यांकडे बोट दाखवते.

मार्गारेट ॲटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) या कादंबरीतील गिलियड राष्ट्रात जननक्षम स्त्रियांना सत्ताधाऱ्यांच्या घरी अपत्यासाठी दासी म्हणून ठेवले जाते. नायिकेचे नावही मालकावरून पडलेले: ऑफ्रेड, म्हणजे फ्रेडची. माणसाने पूर्वी कुठे ना कुठे केलेले नाही असे काहीही आपण यात घातलेले नाही, असे लेखिकेने सांगून ठेवले आहे.

आपल्याकडे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतो. उचल बहुधा नवऱ्याच्या नावे असते. बाई मुकादमाच्या हिशेबात अर्धा कोयता. खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि पाळीच्या दिवसांतही फडात विसावा नाही की आडोसा नाही. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींत एक. गिलियडला गर्भाशय हवे असते, फडाला त्याची अडचण होते. बाईचे शरीर दोन्हीकडे दुसऱ्याच्याच खात्यावर जमा.

मात्र गिलियडमध्ये बंदूकधारी पहारेकरी आहेत. इथे तसा हुकूम कुणी काढलेला नाही. उचल पुरेशी ठरते. म्हणून मला मंजुळा पद्मनाभन यांचे ‘हार्वेस्ट’ हे नाटक अधिक जवळचे वाटते. १९९७ मध्ये ओनॅसिस पुरस्कार मिळालेल्या या नाटकावर गोविंद निहलानींनी ‘देहम’ हा चित्रपट केला. मुंबईतील बेकार ओम आपले अवयव परदेशी ग्राहकाला देण्याचा करार करतो आणि त्यासाठी बायकोला, जयाला, बहीण म्हणून दाखवतो. इथेही जुलमाचे हत्यार करारच आहे. शेवटी जया दार लावून घेते आणि पलीकडच्या ग्राहकाला बजावते: स्वतःच्या देहाने ये, माझे नाव नीट उच्चारायला शीक.

हा शेवट प्रभावी आहे, पण जया एकटी आहे; स्वतःच्या मरणाची धमकी एवढेच तिचे बळ. ऑफ्रेडही एकटीच आपली कहाणी ध्वनिफितींवर सांगून ठेवते. पुढे २१९५ साली विद्वान त्या फितींवर परिसंवाद भरवतात आणि तिचा मालक नेमका कोण होता याचाच कीस पाडतात. तिचे खरे नाव हरवलेलेच राहते. ॲटवुड यांनी मारलेली ही चपराक आम्हा संशोधकांनाही लागू आहे.

या कलाकृतींत जो प्रतिकार एकटीचा राहतो, तो प्रत्यक्षात सामूहिक होऊ शकतो. कोयत्यातील स्त्रीची स्वतंत्र कामगार म्हणून नोंद व्हावी, ही मागणी महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी लावून धरली आहे. वरवर ही कागदोपत्री बाब वाटेल. पण जयाची मागणी तरी दुसरी काय होती?