परिवलन-बर्फ : एका रूपकाची परीक्षा

विरल मृत्तिकांच्या संयुगांविषयीच्या संशोधनात ‘स्पिन आइस’ ही संज्ञा १९९७ साली होल्मियम टायटनेटच्या निमित्ताने आली आणि रूढ झाली. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या प्रांतात पाऊल टाकण्याचे कारण असे की, या संज्ञेत एक रूपक आहे, आणि त्याचा खरेखोटेपणा उष्णतामापकाने ठरवावा लागला आहे. साहित्यशास्त्रात अशी संधी क्वचितच लाभते.

प्रथम साधर्म्य कशाचे, ते पाहू. बर्फात प्रत्येक ऑक्सिजन-अणूभोवतीच्या चार हायड्रोजन-अणूंपैकी दोन निकट आणि दोन दूर असतात. डिस्प्रोशियम टायटनेटमध्ये चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर डिस्प्रोशियमचे आयन असून त्यांच्या चुंबकीय परिबलांपैकी दोन आत व दोन बाहेर रोखलेली असतात. सोळा संभाव्य मांडण्यांपैकी सहा हा नियम पाळतात आणि त्या सहांत डावे-उजवे करता येत नाही. बर्फाविषयी हा हिशेब लायनस पॉलिंग यांनी १९३५ साली मांडला होता. तात्पर्य, साधर्म्य शीतलतेचे नसून नियमाचे आहे. म्हणून ‘गोठलेले परिवलन’ हे भाषांतर सदोष ठरते. ते उपमानाचा गौण धर्म उचलते आणि मुख्य धर्म टाकून देते. ‘परिवलन-हिम’ म्हणावे, तर आकाशातून पडणारे भुसभुशीत हिमच आधी डोळ्यांपुढे येते. ‘परिवलन-बर्फ’ हाच पर्याय प्रस्तुत लेखकास ग्राह्य वाटतो.

आता पुराव्याकडे वळू. उष्णताधारकतेस तापमानाने भागून तापमानाच्या पल्ल्यावर बेरीज केली की एंट्रॉपीतील वाढ मिळते. रामिरेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली डिस्प्रोशियम टायटनेटवर ०.२ ते १२ केल्विन या पल्ल्यात हे मापन केले. अपेक्षित एंट्रॉपी डिस्प्रोशियमच्या एका मोलमागे, प्रतिकेल्विन ५.७६ जूल; मिळाली सुमारे ३.९. ही १.८६ ची तूट पॉलिंग यांच्या रीतीने येणाऱ्या १.६८ या ‘अवशिष्ट’ एंट्रॉपीच्या निकट आहे. रूपक सिद्ध झाले, असे सर्वांस वाटले.

परंतु २०१३ साली पोमारान्स्की आदी संशोधकांनी समतोलास दीर्घ अवधी देऊन मोजले, तेव्हा ती तूट भरून निघू लागल्याचे त्यांना आढळले. मग ‘अवशिष्ट’ म्हणजे खरोखर उरलेले, की घाईमुळे मोजावयाचे राहिलेले? २०१८ साली गिब्लिन आदींनी समस्थानिक-समृद्ध नमुने घेऊन ०.५ केल्विनला सुमारे एक लक्ष सेकंदांपर्यंत विशिष्ट उष्णता मोजली. न्यूट्रॉन-प्रकीर्णनाच्या प्रयोगात ०.३५ केल्विनला दहा लक्ष सेकंद, म्हणजे अकरा दिवसांहून अधिक काळ वाट पाहिली. नियमाचा ऱ्हास त्यांना दिसला नाही. १९९९ चा आकडा मूलतः बरोबर होता, असा निर्वाळा त्यांनी दिला; मात्र तो बरोबर येण्याचे कारण, त्या पद्धतीत विरुद्ध दिशांचे वाटे एकमेकांस छेदतात, हे होय.

येथे समीक्षकाने थांबून दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. उत्तर बरोबर येणे निराळे आणि पद्धत निर्दोष असणे निराळे. रूपक तरले आहे. परंतु त्याचा पहिला साक्षीदार खरे बोलला तो अंशतः योगायोगाने. शिवाय मान्य सिद्धांतानुसार सुमारे ०.१५ केल्विनला ही परिबले एका निश्चित क्रमात लागावयास हवीत. तसे झाल्यास ‘अवशिष्ट’ हे विशेषण निरपेक्ष शून्यापर्यंत टिकणार नाही. तेव्हा ‘बर्फ’ या नामास आपली संमती आहे; ‘अवशिष्ट’ या विशेषणाचा वापर मात्र तापमान आणि प्रतीक्षेचा काळ सांगितल्यावाचून करू नये. आपल्या विद्यार्थ्यांनी प्रबंधात हे विशेषण लिहिताना एवढी दक्षता घेतली, तरी पुष्कळ झाले. नाम वस्तूचे असते. विशेषणात पुष्कळदा मोजणाऱ्याच्या धीराची मर्यादाही उतरते.