जाड-बारीक अक्षर आणि मोरोपंतांचा षकार

छापील अक्षराची परीक्षा दुकानाच्या पाटीवरून करूं नये. ज्या ग्रंथांत एक वर्ण चुकला असतां कवीचें व्रतच मोडतें, अशा ग्रंथावरून ती करावी. असा ग्रंथ लिहिणारा कवि कऱ्हेकांठीं बारामतीस होऊन गेला, हें आमच्या कऱ्हाटीचें भाग्य. मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) जीं अनेक रामायणें रचिलीं, त्यांत एक 'निरोष्ठ रामायण' आहे. प, फ, ब, भ, म हे ओंठ मिटल्यावांचून न उमटणारे वर्ण तेथें वर्ज्य. अर्थात् ज्याची कथा सांगावयाची त्याचें 'राम' हें नांवही कवीस घेतां येत नाहीं. असल्या शब्दचमत्कृतीचें काव्यमूल्य किती, हा वाद जुना आहे. तो येथें उकरण्याचें कारण नाहीं.

गेल्या वर्षीं एका समारंभाची पत्रिका आमच्या हातीं आली. छापणाराचें नांव घेण्यांत स्वारस्य नाहीं. मथळ्याचें अक्षर मोठें देखणें होतें: काने खांबासारखे जाड, आणि तिरप्या रेघा केसाहून बारीक. तेंच अक्षर लहान करून खालीं पंतांच्या ग्रंथांची यादी घातली होती, आणि तींत 'निरोष्ठ' शब्दांतील षकाराची तिरपी रेघ उडून त्याचा पकार झाला होता! ओष्ठ्य वर्णांचा निषेध करणाऱ्या नांवांतच ओष्ठ्य वर्ण येऊन बसला. हंसूं आलें खरें. पण दोष खिळ्याचा, शाईचा कीं योजनेचा, हा विचार मनांतून जाईना.

या धाटणीचा उगम युरोपांत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पार्म्याचा बोदोनी आणि पॅरिसचा फिर्मां दिदो यांनीं रोमन अक्षरांतील जाड-बारीक भेद पराकोटीस नेला. उभा दांडा भरदार, आणि त्याच्या पायाशीं सुतासारखी आडवी पाती. गुळगुळीत कागद व सुधारलेलें छापयंत्र यांवांचून ही नजाकत उमटली नसती. मुखपृष्ठावर ती राजस दिसते; फॅशनच्या मासिकांनीं आपलीं नांवें याच वळणांत मिरविलीं आहेत. परंतु बारीक मजकुरांत दांडेच तेवढे डोळ्यांवर येतात, आणि रोमन 'ई'च्या पोटांतील आडवी रेघ पुसट झाली कीं त्याचा 'सी' होतो.

बालबोध लिपींत जाड-बारीक भेद परका मुळींच नाहीं. तो तिरप्या कापाच्या बोरूंतून आला आहे. मात्र आमच्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट. त्यामुळें उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ जाड येते, आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी बारीक. षकाराच्या व बकाराच्या पोटांतील रेघ नेमकी या दुसऱ्या जातीची. ती गेली कीं 'शेष' चा 'शेप' होतो, 'बळ' चें 'वळ' होतें. अक्षराचा अर्थच जिनें धरून ठेवावयाचा, तीच रेघ सर्वांत नाजूक!

हें मर्म जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानें ओळखलें होतें, असें आम्हांस वाटतें. १८६९ मध्यें स्थापन झालेल्या या छापखान्यासाठीं राणोजी रावजी आरू यांनीं जे ठसे कोरले, त्यांत बोरूचा डौल आहे. पण बारीक रेघ शिशाच्या खिळ्यास व रोजच्या शाईस पेलेल इतकी अंगानें धरलेली आहे. पंतांचें काव्य याच छापखान्याच्या 'काव्यसंग्रहां'त वाचीत असतां अक्षर स्वतःकडे लक्ष वेधीत नाहीं, आर्येकडे वेधतें. आणि समासांचीं लांब जाळीं उलगडतांना डोळ्यांस हेंच साहाय्य लागतें.

आतां नवीन काळाचें. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचें 'रोझा वन' हें अक्षर २०१४ सालीं आलें. त्यांत बालबोध आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांस जाड-बारीक भेदाचा टोकाचा साज चढविलेला आहे. त्यास नांवें ठेवणें अन्यायाचें होईल. तें मथळ्यासाठींच घडविलेलें अक्षर आहे, आणि चार शब्दांच्या मथळ्यांत त्याचा थाट पाहण्यासारखा असतो. दोष अक्षराचा नव्हे, नगारा देवघरांत वाजविणाराचा. एकच अक्षर यंत्रावर हवें तितकें लहान-मोठें करतां येऊं लागल्यापासून हा मोह वाढला आहे. खिळ्यांच्या काळीं प्रत्येक आकाराचा ठसा निराळा कोरावा लागे, आणि लहान ठशांत कोरणारा बारीक रेघेस थोडें अंग देई. तो विवेक आतां योजणारानें स्वतः दाखवावयास हवा.

म्हणून नवीन अक्षर घडविणारांस व निवडणारांस आमची एकच विनंति आहे. मथळा खुशाल सजवावा. पण ग्रंथाच्या आकारांत, साध्या कागदावर, 'निरोष्ठ' हा एक शब्द आधीं छापून पाहावा. षकाराची रेघ टिकली, तर पुढें जावें. बारामतीच्या पंडितानें जो वर्ण कष्टानें बाहेर ठेवला, तो आमच्या हौसेनें आंत शिरतां कामा नये.